झटका दोनदा बसतो

तपासनीसांना गाडीचा पहिला संशय आला तो गाडी बघण्याच्याही आधी. मेहुणा फोनवर एवढंच म्हणाला, "भाऊजी, मी मोठी गाडी घेतोय. जुनी तुम्हीच ठेवा. घरातल्या घरात, तुम्हाला परवडेल अशी." इकडे तपासनीसांच्या भुवया वर गेल्या त्या जेवण होईपर्यंत खाली आल्या नाहीत.

चांगली आणि परवडणारी हे दोन गुण एकाच वस्तूत नांदतात यावर त्यांचा विश्वास नव्हता. बसणार तरी कसा? वजनमाप खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. पारड्याच्या बुडाला चिकटवलेली लोहचुंबकं त्यांनी खरवडून काढली होती. आतून पोकळ केलेली वजनं फोडून दुकानदाराच्या पुढ्यात ठेवली होती. अशा माणसाला कुणी आपणहून काही देऊ केलं की तो आभार मानायच्या आधी वस्तू उलटी करून बघतो. मेहुण्याला उलटा करून बघता येत नाही, ही त्यांची जुनी खंत होती.

"का विकतोय पण?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मोठी घेतली म्हणून. सांगितलं ना त्यानं."

"ते त्यानं सांगितलेलं कारण झालं. खरं कारण काय?"

बायकोनं हातातलं पातेलं जरा जोरात खाली ठेवलं. लग्न झाल्यापासून तिच्या माहेरच्या प्रत्येक वस्तूची अशीच चौकशी झाली होती. भावानं दिलेला पंखा झाला, मिक्सर झाला, भिंतीवरचं घड्याळ झालं. घड्याळ तर आजही बरोबर चालतं, आणि तपासनीस आजही ते मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघतात.

गाडी आली. चार दारांची, मागे लांबलचक डिकी असलेली, दहा-बारा पावसाळे बघितलेली, तरी रंग शाबूत. इंजिन लहान. आणि गिअर आपोआप पडणारे. म्हणजे क्लच नाही. पायाशी दोनच पेडल, एक पळायचं आणि एक रुंद, थांबायचं. डाव्या पायाला काम नाही.

"डाव्या पायाला काम नाही?" तपासनीसांनी विचारलं. बिनकामाचा माणूस पगारावर ठेवलेला सापडावा तसा त्यांचा आवाज होता.

"आराम करू दे भाऊजी त्याला. तीस वर्षं जीपचा क्लच मारून दमला असेल," मेहुणा म्हणाला आणि हसला.

तपासनीस हसले नाहीत. खात्याची ती जीप हा त्यांच्या आयुष्यातला अभिमानाचा विषय होता. तिचा क्लच असा झिजलेला की एका लाथेत ऐकायचा नाही. वेग कमी केला की खाडकन दोनदा हाणायचा, तेव्हा कुठे गिअर निघायचा. पहिल्याच वर्षी तीन चालक बदली मागून पळाले, शेवटी तपासनीसांनी स्वतःच चालवायला घेतली. आणि सरकारी जीप म्हणून बायकोला तिच्यात एकदाही बसू दिलं नाही. भर उन्हात दोन्ही हातात पिशव्या घेऊन ती बसथांब्यावर उभी असायची आणि समोरून नवरा जीपमधून जायचा. तोही एकटा. हात मात्र करायचा. प्रामाणिकपणाचा असा माज सगळ्यांना परवडत नाही, कारण त्याची किंमत दुसऱ्या कुणाला तरी उन्हात उभं राहून द्यावी लागते.

तर पहिल्या दिवशी तपासनीस स्वतः चालवायला बसले. गाडी लोण्यासारखी सुटली. कोपऱ्यावर वळण आलं, त्यांनी वेग कमी केला, आणि गाडीनं खाड-खाड असे दोन झटके खाल्ले. मागे बसलेल्या बायकोचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. मागचा रिक्षावाला जे बोलला ते छापण्यासारखं नाही.

"बघितलंस?" तपासनीसांनी विचारलं. त्यांचा चेहरा उजळला होता. खरं सांगायचं तर त्या दोन झटक्यांनी त्यांना जेवढं समाधान दिलं तेवढं चांगल्या गाडीनं दिलं नसतं. "म्हणून विकली."

दुसरा झटका चौकात बसला, तिसरा इमारतीच्या फाटकाशी. प्रत्येक वेळी दोन-दोन. संध्याकाळपर्यंत ही बातमी जिन्यातून वरच्या मजल्यापर्यंत चढली आणि वरच्या मजल्यावरून निवृत्त प्राचार्य खाली उतरले. प्राचार्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला होता, त्यामुळे कुठल्याही यंत्राविषयी ते निर्धास्तपणे बोलत.

"एवढीशी मोटर आणि एवढी मोठी गाडी!" बॉनेटवर टिचकी मारत ते म्हणाले. "अहो, माणसाला उचकी लागते तशी लागलीय तिला. दम पुरत नाही."

"उचकी दोनदाच लागते?"

"सुरुवातीला," प्राचार्य गंभीरपणे म्हणाले.

तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंचं मत वेगळं पडलं. अपघात झालेली गाडी असणार, रंग मारून दिली असणार, त्यांच्या नणंदेच्या दिराला अशीच दिली होती. प्राचार्यांनी फेरी मारून बघायची तयारी दाखवली. ते शेजारच्या सीटवर बसले, नजर समोर, हात मांडीवर, वर्गावर निघाल्यासारखे. कोपऱ्यावर खाड-खाड झालं आणि त्यांचा चष्मा काचेवर जाऊन आदळला. त्यानंतर प्राचार्य यंत्रांविषयी जरा कमी आणि चष्म्याविषयी जरा जास्त बोलू लागले.

मध्यमवर्गीय माणसाला फसवलं जाण्याची एवढी भीती नसते. आपण फसलो हे जिन्यात कळेल, याची असते. तपासनीसांच्या बाबतीत तर प्रश्न अब्रूचाच होता. ज्यानं गावभरच्या लबाड्या पकडल्या त्याला घरच्याच माणसानं टोपी घातली, हे ज्यांना त्यांनी दंड ठोकला होता त्या दुकानदारांना कळलं असतं तर त्यांनी वर्गणी काढून मेहुण्याचा सत्कार केला असता.

तपासनीस गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री आधी स्वतः चालवून आला. म्हणाला, "मस्त आहे."

"झटका?"

"नाही बसला."

"मग माझ्याबरोबर चला."

मिस्त्री शेजारी बसला आणि सुया-काटे बघत राहिला. वळणावर खाड-खाड! मिस्त्रीनं पुन्हा स्वतः चालवली. काही नाही. मग पुन्हा तपासनीस, आणि पुन्हा खाड-खाड. मिस्त्रीनं डोकं खाजवलं आणि गिअरचं तेल बदललं. दुसऱ्या खेपेला त्यानं ब्रेक उघडून बंद केले. तिसऱ्या खेपेला तो समोरच्या बोळातून घरी गेला आणि निरोप पाठवला की आजारी आहे.

तपासनीसांचा संशय आता मिस्त्रीवर गेला. मेहुणाही याच मिस्त्रीकडे यायचा ना? संपलं तर मग.

तेवढ्यात गाडी नावावर करून घ्यायला परिवहन कचेरीत जायची वेळ आली. बायको मागे बसली होती. कचेरीच्या आवारात एक साहेब चहाचा कप हातात धरून कागद चाळत होते. "गाडी जुनी आहे, एक चक्कर मारून दाखवा," असं म्हणून ते कपासकट पुढच्या सीटवर बसले. तपासनीसांनी त्यांना दोनदा सावध केलं. साहेब म्हणाले, "तुम्ही आम्हाला शिकवू नका." आवाराच्या टोकाला वळण होतं. चहा आधी कागदांवर गेला, मग साहेबांच्या पँटवर. दोन झटक्यांत त्याची नीट वाटणी झाली.

साहेबांनी ओल्या कागदावर शेरा मारला: वाहन सदोष. गॅरेजचा दाखला आणल्याशिवाय नावावर होणार नाही.

तपासनीसांनी तो शेरा मोठ्यानं वाचला. सरकारी शेऱ्याला ते मान देत. बायको मागच्या सीटवर अगदी गप्प होती. ती दोन सीटांच्या मधून पुढे कुठेतरी खाली बघत होती, आणि तपासनीसांना वाटलं, भावाच्या लबाडीची लाज वाटतेय.

ते दाखल्यासाठी दुसऱ्याच एका मोठ्या गॅरेजात गेले. गॅरेजवाल्यानं गाडी चालवली आणि म्हणाला, "दोष नाही."

"तसं लिहून द्या."

"तसा दाखला नसतो. दोष दुरुस्त केला, असा असतो. त्यासाठी आधी दोष पाहिजे."

"पण साहेबांनी लिहिलंय, दोष आहे."

"मग साहेबांनाच विचारा कुठाय तो."

साहेब म्हणाले, कुठाय ते शोधणं गॅरेजचं काम. गॅरेजवाला म्हणाला, जे नाही ते शोधायला मी संत नाही. ज्या देशात कागद चालतात तिथे गाड्या बंद पडतात, असं तपासनीस घरी येऊन म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते शिंपीणबाईंनाही ऐकवलं.

आणि या सगळ्या गदारोळात, कुणाला न विचारता, बायको गाडी शिकली.

तिला भावानं मोकळ्या मैदानावर नेलं. "दोनच पेडल, ताई. एक जा, एक थांब. दोन्हीला उजवाच पाय."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग हे तीस वर्षं कसला बाऊ करत होते?"

तिनं आयुष्यात क्लच बघितला नव्हता, त्यामुळे विसरायचंही काही नव्हतं. तिच्या हातात गाडी पाण्यावरून गेल्यासारखी जायची. वळण असो, चौक असो, फाटक असो, झटका म्हणून नाही. परवान्याची परीक्षा तिनं त्याच आवारात, त्याच गाडीत दिली. ज्या साहेबांनी गाडी सदोष ठरवली होती त्यांनीच शेजारी बसून चहा प्यायला, थेंबही न सांडता, आणि तिला पास केलं.

तपासनीस घरी येरझाऱ्या घालत होते. आता चित्र स्पष्ट होत होतं. गाडी मेहुण्याच्या हातात चालते, मिस्त्रीच्या हातात चालते, बायकोच्या हातात चालते. फक्त त्यांच्याच हातात अडते. म्हणजे गाडी सासरच्या बाजूची आहे! साहेबही फितूर. विचार वेडगळ आहे हे त्यांना कळत होतं, पण वेडगळ विचार पुराव्याशी जुळायला लागला की शहाण्याचा धीर सुटतो.

बायको मात्र निघायची. सकाळी भाजीबाजार, दुपारी वाचनालय. कधी शिंपीणबाईंना दवाखान्यात ने, कधी शाळेतल्या मैत्रिणीकडे जा. ही मैत्रीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, दोन बस बदलाव्या लागायच्या, म्हणून वर्षानुवर्षं नुसती फोनवर भेटायची. बायको परत आली की जिन्यात गुणगुणताना ऐकू यायची. किल्ली ती आता खिळ्याला लावत नव्हती, स्वतःच्या पर्समध्ये ठेवत होती. पन्नाशी उलटल्यावर बाईच्या चालण्यात असा फरक पडलेला तपासनीसांनी प्रथमच बघितला. त्याचाही त्यांना संशय आला.

शेवटी एका संध्याकाळी त्यांचा बांध फुटला. मिस्त्रीकडच्या सावलीत बसलेल्या एका जुन्या दुकानदारानं, ज्याचा तराजू त्यांनी कधीकाळी जप्त केला होता, लांबून विचारलं, "काय साहेब, काटा हलतोय वाटतं?" तपासनीस तरातरा घरी आले आणि मेहुण्याला फोन लावला. बायको समोर उभी होती, प्राचार्य दारात होते.

"तुम्ही मला सदोष माल दिलात."

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला.

"भाऊजी, मी बहिणीला फसवीन?"

"बहिणीला नाही. मला."

मेहुण्याचा आवाज बदलला. "रविवारी घेऊन या गाडी. तुमचे सगळे पैसे परत. आणि यापुढे माझ्या घरातली काडीसुद्धा तुमच्या घरात येणार नाही. मीही येणार नाही."

फोन ठेवला गेला. प्राचार्य पाय न वाजवता वर गेले. बायकोनं किल्ली पर्समध्ये आणखी खोल ढकलली. पुढचे दिवस जेवणाची ताटं समोर येत होती, पण ती टेबलावर ठेवली जात नव्हती, टेकवली जात होती. तिचा एकच भाऊ, आईवडिलांमागे माहेर म्हणजे तेवढाच. आणि तिची एकच गाडी. दोन्ही एकाच फोनात गेलं होतं.

रविवारी तिनं पर्समधून किल्ली काढली. "जाताना मी चालवते. शेवटची."

तपासनीस मुकाट्यानं शेजारी बसले. त्यांच्या पायांशी एक मोठा रिकामा पत्र्याचा डबा होता, आडवा ठेवलेला.

"हे काय?"

"भावाचा आहे. परत द्यायचाय."

"मागे ठेव की."

"मागे गडगडतो."

गाडी निघाली. कोपऱ्यावर वळण आलं, बायकोनं हलकेच वेग कमी केला. गाडी अलगद वळली. आणि कुठूनतरी आवाज आला: ढण्-ढण्!

तपासनीस ताठ झाले. "ऐकलंस? आता खालून वाजायला लागलं."

बायको समोर बघत होती.

चौक आला. ढण्-ढण्! तपासनीसांनी खिडकीतून वाकून चाकाकडे बघितलं. बाजारापाशी पुन्हा तेच. त्यांनी कान लावला. आवाज गाडीखालून येत नव्हता. जवळून येत होता, फारच जवळून. पुलापाशी समोर म्हैस आडवी आली, बायकोनं वेग कमी केला, आणि तपासनीसांनी या वेळी पायाशी बघितलं.

त्यांचा डावा बूट डब्यावर होता. डब्याला पोचा पडला होता, चांगला वाटीएवढा. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांची परवानगी न घेता, बूट उचलला गेला आणि खाडकन दोनदा खाली हाणला गेला. जीपच्या क्लचवर हाणावा तसा.

ढण्-ढण्.

क्लच नसलेल्या गाडीत हा पाय कुठे जात असणार? शेजारी असलेल्या पेडलवर. रुंद, थांबायच्या पेडलवर. दोनदा. इतके दिवस सगळ्यांनी सुया बघितल्या, तेल बघितलं, कागद बघितले. त्यांनी स्वतः मेहुणा बघितला, मिस्त्री बघितला, साहेब बघितला. गुन्हेगार त्यांच्याच बुटात बसून फिरत होता.

त्यांनी पाय उचलला आणि मांडी घालावी तसा खाली दाबून त्यावर बसले. पुढचा सगळा रस्ता ते हिशेब करत होते. गप्प राहिलं तर अब्रू शाबूत, गाडी परत, साहेबांचा शेराही आपल्याच बाजूचा. जन्मभर सांगता येईल, मला फसवायला बघत होते, मी सोडलं नाही. फक्त शेजारी बसलेली ही बाई पुन्हा बसथांब्यावर उभी राहील. त्यांनी हळूच तिच्याकडे बघितलं. ती रडत नव्हती. स्टिअरिंगवरून हात फिरवत होती, जाणाऱ्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मेहुणा फाटकातच उभा होता. "या" म्हणाला नाही. "किल्ली," म्हणाला. मग त्यालाच राहवलं नाही. "एकदा मला दाखवा तरी, कुठे बसतो झटका. शेवटचं."

तपासनीस चालवायला बसले. मेहुणा शेजारी बसला, बायको मागे. तपासनीसांनी डावा पाय वर घेतला, उजव्या मांडीखाली खुपसला, आणि एका पायावर गाडी सोडली. मेहुण्याच्या वसाहतीला त्यांनी पुरती फेरी मारली. चारही कोपरे, दोन गतिरोधक, एक आडवं आलेलं कुत्रं. गाडी झोपेतल्या मुलासारखी शांत होती.

फाटकापाशी ती थांबली.

"कुठाय झटका?" मेहुण्यानं विचारलं.

तपासनीसांनी इंजिन बंद केलं. ऐनवेळी दोन-तीन सबबी जिभेवर आल्या. इकडचे रस्ते चांगले आहेत, आज हवा थंड आहे. त्यांनी मुंग्या आलेला पाय दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढला आणि मेहुण्याला दाखवला.

"हा घ्या. गाडी ठीक आहे. तुम्हीही ठीक आहात."

मेहुण्याला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तो आधी हसला नाही. म्हणाला, "भाऊजी, फोनवर जे बोललात ते फार लागलं मला." मग त्या बुटाकडे पुन्हा बघितलं, आणि मग असा हसला की दार उघडून त्याला बाहेर उतरावं लागलं. "ताई, आत ये गं! याला पण घेऊन ये. पायाला!"

निघताना तपासनीसांना हलकं वाटत होतं. दोष सापडला होता. तीस वर्षांत त्यांनी सापडलेला कुठलाही दोष दुरुस्त करवून घेतल्याशिवाय सोडला नव्हता. आठवडाभर पाय आवरायची सवय केली की झालं, मग रोज आपणच चालवू. साहेबांपुढे झटक्याविना एक चक्कर मारली की शेराही पुसला जाईल. असा विचार करत ते चालकाच्या दाराकडे गेले. तिथे बायको आधीच बसली होती.

"अगं, आता मी चालवतो की."

"सवय जाऊ दे आधी पायाची."

"किती दिवस लागतील?"

"तीस वर्षांची आहे. बघू," ती म्हणाली आणि पट्टा लावला.

ते वळसा घालून शेजारी बसले. पायांना काहीतरी लागलं. तोच पत्र्याचा डबा, पोचा वर करून.

"हा द्यायचा राहिला की."

"राहिला वाटतं."

"तुझ्या भावाचा ना हा?"

बायकोनं आरसा नीट केला. तपासनीसांनी डबा उचलून उलटा केला, सवयीनं. बुडाशी त्यांच्याच घरचं, बायकोच्या माहेरचं नव्हे, त्यांच्या स्वतःच्या आईनं कोरून घेतलेलं नाव होतं.

त्यांना कचेरीचं आवार आठवलं. मागच्या सीटवर ती अगदी गप्प होती, आणि दोन सीटांच्या मधून खाली बघत होती. खाली म्हणजे काय, पायांकडेच. म्हणजे तेव्हापासून. मैदान, परवाना, भाजीबाजार, मैत्रीण, ते जिन्यातलं गुणगुणणं, सगळं त्यानंतरचं. भावाला फोन गेला नसता तर हा डबा कधी गाडीत आलाच नसता.

आयुष्यात प्रथमच घरच्या माणसावरचा त्यांचा संशय शंभर टक्के खरा निघाला होता. आरोपी शेजारी होता, मुद्देमाल मांडीवर होता, आणि पंचनामा करायची प्राज्ञा नव्हती. कारण पंच कुणाला बोलावणार? प्राचार्यांना?

त्यांनी डबा गपचूप पायाशी ठेवला.

पुढे सिग्नल लाल झाला. बायकोनं हलकेच वेग कमी केला.

ढण्-ढण्.

"पाय," ती म्हणाली.